बॉनेटखालचा दांडा

सुरुवातीलाच कबूल करतो. आमच्या पारशिवनीत स्पोर्ट्स कार नाही. ट्रॅक्टर आहेत, बोलेरो आहेत, रेतीचे टिप्पर आहेत, तालुक्यातल्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक आहेत आणि कोलितमाऱ्याकडे पर्यटकांना जंगल दाखवायला नेणाऱ्या जिप्सी आहेत. अशा गावात बस स्टँडजवळच्या टपरीवर "स्ट्रट बार लावल्याने गाडी खरंच चांगली वळते का?" या विषयावर दीड तास वाद झाला, तीन वेळा चहा झाला आणि शेवटी दोन जण एकमेकांशी चार दिवस बोलले नाहीत, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. त्या दोघांपैकी एक मी होतो.

दुसरा माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या बाबांनी कापूस विकून आलेल्या पैशात थोडी भर घालून घरासाठी एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली. कंपनी कुठली ते सांगत नाही, उगाच भांडण नको. गाडी बरी होती, फक्त थोडी वयस्कर. पठ्ठ्याने काय करावं? पहिल्याच महिन्यात नागपूरहून एक लाल रंगाचा चकचकीत स्ट्रट बार आणला. चार हजार रुपये! घरी सांगितलं, "इंजिनचा पार्ट हाय, लावाच लागते." माय बिचारी म्हणाली, "लागते तर लाव बाप्पा."

मी मेकॅनिकल थर्ड इयरला. म्हणजे गावाच्या मते मला गाडीतलं सगळं कळतं. (घरचा मिक्सर बंद पडला तरी मलाच बोलावतात, तो भाग वेगळा.) त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. मी बॉनेट उघडून बघितलं आणि म्हटलं, "चार हजार गेले पाण्यात." तिथून ठिणगी पडली.

आता ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने जनरल मोटर्समध्ये एका छोट्या शेव्हरोलेवर काम करताना ही कल्पना पक्की केली. ती गाडी काही बाजारात आली नाही, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि १९५० साली इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिरमध्ये त्याचा स्ट्रट दिसला. आपल्याकडे १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्यासोबत हा स्ट्रट घराघरात पोचला. त्याआधीच्या अँबॅसडर आणि फियाटमध्ये तो नव्हता. यात युक्ती अशी की शॉकअप आणि स्प्रिंग ही एकच उभी काठी चाकाला वरून धरते आणि वरचा विशबोन लागतच नाही. खर्च वाचतो, जागा वाचते, आडवं इंजिन मावतं. पण मग त्या काठीचं वरचं टोक धरायचं कुणी? तर बॉडीनेच. बॉनेट उघडल्यावर डावी-उजवीकडे पत्र्याचे जे दोन उंचवटे दिसतात ते स्ट्रट टॉवर. आपले डेंटर लोक त्या भागाला एप्रन म्हणतात. स्ट्रट बार म्हणजे या दोन टॉवरना इंजिनच्या वरून जोडणारा आडवा दांडा. बस्स, एवढंच यंत्र आहे. त्यात फिरणारा एकही भाग नाही.

दावा असा की वळणावर हे टॉवर हलतात, त्यामुळे चाकाचा कॅम्बर बिघडतो. दांडा लावला की टॉवर हलत नाहीत, टायर रस्त्याला नीट टेकतो आणि गाडी चिपकून चालते. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. माझ्या मित्राचं तर ठाम मत, "अबे, वळणावर पाय ना कशी बसते गाडी! तुले पुस्तकातलं समजते, रोडवरचं नाई समजत."

आणि इथेच मला पहिली कबुली द्यायची आहे. मी त्या दिवशी टपरीवर जे बोललो ते काहीच न मोजता बोललो होतो. तो न मोजता हो म्हणत होता, मी न मोजता नाही म्हणत होतो. फरक इतकाच की माझ्या नावापुढे इंजिनिअरिंग कॉलेज लागतं. घरी गेल्यावर ही गोष्ट मला फार लागली. म्हणून हा उद्योग.

रात्री वही घेऊन बसलो. गाडी ९०० किलोची धरली, त्यातलं ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर, म्हणजे ५४० किलो. वळण बऱ्यापैकी जोरात, ०.६ जी. घरच्या माणसांना बसवून आपण असं वळण घेत नाही, मागून ओरडा बसतो. तर पुढच्या दोन चाकांना मिळून साधारण ३२४ किलोचा आडवा जोर. त्यातला बाहेरच्या चाकाला ७० टक्के धरला तर २२७, आतल्याला ९७. हा जोर जमिनीलगत लागतो. तो खालच्या आर्मवर जातो आणि थोडा वर टॉवरवर जातो. बॉल जॉइंट जमिनीपासून १७० मि.मी. आणि स्ट्रटचं वरचं टोक त्याच्या ५८० मि.मी. वर धरून मोमेंट घेतला तर बाहेरच्या टॉवरवर ६६ किलो आणि आतल्या टॉवरवर २८ किलो. आकडे मी धरलेले आहेत, प्रत्येक गाडीचे थोडे वेगळे येतील. पण अंदाज बघा: ९०० किलोची गाडी कचकून वळते आहे आणि टॉवरला मिळणारा धक्का एका माणसाच्या वजनाइतका आहे. बाकीचा सगळा भार खालचा आर्म, त्याचा बुश आणि खालची क्रॉसमेंबर खाते.

पण खरी गंमत पुढे आहे आणि ती कळली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. या ६६ आणि २८ किलोची दिशा कुठली? दोन्ही एकाच बाजूला! गाडी डावीकडे वळत असेल तर दोन्ही टॉवर उजवीकडे ढकलले जातात. आता दोन माणसं शेजारी उभी आहेत, दोघांच्या हातात एकाच काठीची दोन टोकं आहेत आणि वारा दोघांनाही उजवीकडे ढकलतो आहे. काठीने काय फायदा? दोघंही काठीसकट उजवीकडे जातील. काठी फक्त त्यांच्यातलं अंतर राखेल. म्हणजे दांड्याच्या वाट्याला येतो तो फक्त या दोघांतल्या फरकाचा निम्मा भाग, १९ किलो. बाकीचा जोर तो बघतसुद्धा नाही.

शेतकऱ्याला हे न शिकवता कळतं. शेताच्या फाटकाला नुसत्या आडव्या पट्ट्या मारल्या तर फाटक काही दिवसांत लोंबतं, चौकोनाचा पतंग होतो. म्हणून सुतार एक तिरपी पट्टी मारतो. आडव्या दहा मारा, तिरपी एक मारा, एकीचं काम जास्त. आपण त्याला ट्रस आणि ट्रँग्युलेशन म्हणतो आणि सेकंड इयरला त्यावर आठ मार्कांचा प्रश्न सोडवतो. पण बॉनेट उघडलं की ते आपल्याला आठवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग कंपन्या लावतात ते काय वेड्या आहेत? अजिबात नाही. पण त्या कसं लावतात ते बघा. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या जुळ्या स्पोर्ट्स कारमध्ये प्रत्येक टॉवरपासून मागे फायरवॉलकडे तिरपे दांडे गेलेले आहेत. हीच ती फाटकाची तिरपी पट्टी! फायरवॉल म्हणजे इंजिन आणि आपल्या पायांच्या मधली भिंत. तो बॉडीचा चांगला मजबूत भाग असतो. टॉवर तिथे बांधला की त्याला खरोखर आधार मिळतो. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये वर टॉवरना जोडणारा दांडा आहेच, पण खाली सबफ्रेमजवळ अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेटही आहे. वरचा दांडा फोटोत येतो, खालची प्लेट येत नाही. बाजारात विकला जातो तो फोटोतला.

होंडा इंटेग्रा टाइप आरचं उदाहरण तर अजून मजेशीर. १९९५ च्या त्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट नव्हताच, डबल विशबोन होते. तरी होंडाने पुढे टॉवर बार दिला. पण सोबत बॉडीसुद्धा ठिकठिकाणी मजबूत केली होती. दांडा हा त्या मोठ्या कामाचा एक तुकडा होता. आपण तुकडा उचलतो आणि म्हणतो, टाइप आर झाली.

दांड्याचा आकारही बघायला हवा, आणि इथे माझ्या मित्राचा लाल बार सपशेल नापास झाला. हा हिशोब एसओएम शिकलेला कुणीही करू शकतो, करून बघाच. २५ मि.मी. बाहेरचा व्यास, २ मि.मी. जाडी, एक मीटर लांब अशी सरळ अ‍ॅल्युमिनियमची नळी घ्या. क्षेत्रफळ सुमारे १४४ चौ. मि.मी. येतं. यंग्ज मॉड्युलस ७०,००० धरला तर १०० किलोच्या जोराने ती साधारण ०.१ मि.मी. दबेल. म्हणजे चांगलीच ताठ. पण इंजिनच्या वर जागा नसते म्हणून हे बार मधे वाकवलेले असतात. समजा मधोमध ६० मि.मी. वर उचलला. आता तो नुसता दबत नाही, वाकतो. बेंडिंगने तेवढ्याच १०० किलोला सुमारे पावणेदोन मि.मी. ची भर पडते. म्हणजे एका बाकामुळे तोच बार जवळजवळ अठरापट नरम झाला! तीच नळी, तेच मटेरियल, तोच लाल रंग.

मित्राचा बार मधे वाकलेला तर होताच, शिवाय दोन्ही टोकांना तो पट्टीच्या ब्रॅकेटला एकेका बोल्टने लटकलेला. ब्रॅकेट पातळ पत्र्याचं आणि बोल्ट टॉवरपासून चांगला उंचावर. मी दोन बोटांनी ब्रॅकेट हलवून दाखवलं. तो म्हणाला, "अजून टाइट केला नाई ना." टाइट केल्यावरही हललं. थोडं कमी.

तर कागदावर मी जिंकलो होतो. पण कागदावर जिंकून उपयोग नाही हे एव्हाना समजलं होतं. रविवारी त्याच्या घरी गेलो. बोलणं बंद होतं, तरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला म्हणून बोलणं सुरू झालं.

दोन प्रयोग ठरवले. पहिला मोजमापाचा. एका ओळखीच्या लेथवाल्याकडून डायल गेज मागून आणला. (कॉलेजच्या लॅबमधून आणला असं कुणी समजू नये. लॅब असिस्टंट हे वाचणार आहेत.) पाण्याच्या नळाचा एक सरळ पाइप एका टॉवरच्या बोल्टला टेकवला आणि दुसऱ्या टोकाला गेज बसवून त्याची सुई दुसऱ्या टॉवरला लावली. मग एका चाकाच्या खालच्या आर्मखाली जॅक लावून ते चाक हळूहळू उचललं. काटा हलला! मला वाटलं होतं हलणारच नाही, पण हलला. मिलिमीटरच्या आतच, तरी हलला. म्हणजे मित्र म्हणत होता ते टॉवरचं हलणं खोटं नव्हतं. बार लावून परत तेच केलं. काटा थोडा कमी हलला. किती कमी ते मी आकड्यात लिहीत नाही, कारण पाइप हाताने धरलेला, जॅक थोडा सरकलेला आणि गेज धरणारा त्याचा लहान भाऊ मधेच शिंकला. पण कमी हलला, हे खरं.

माझ्या मित्राचा चेहरा फुलला. "सांगतलं होतं ना तुले!"

मी लगेच वही काढली. समजा बारमुळे टॉवर चक्क अर्धा मि.मी. कमी हलला. ५८० मि.मी. उंचीवर अर्धा मि.मी. म्हणजे कॅम्बरमध्ये ०.०५ डिग्री. आणि वळताना गाडी तीनेक डिग्री कलते त्यामुळे मॅकफर्सनच्या बाहेरच्या चाकाचा कॅम्बर किती बिघडतो? दोनेक डिग्री. म्हणजे दोन रुपयांचं नुकसान होतंय आणि बार पाच पैसे परत करतो. शर्यतीतल्या गाडीला पाच पैसेही महत्त्वाचे असतात, मान्य. तिची स्प्रिंग कडक, टायर चिकट, गाडी कलतेच कमी, त्यामुळे तिथे बॉडीचा वाटा मोठा दिसतो. आपल्या गाडीत बॉडीच्या आधी पन्नास गोष्टी नरम आहेत.

दुसरा प्रयोग रस्त्यावरचा. डोळे झाकून चव घेतात तसा. मित्र गाडी चालवणार, मी बॉनेट उघडून एक तर बार ठेवणार किंवा काढणार आणि त्याने चालवून सांगायचं की बार आहे की नाही. इथे एक सूचना, कुणी करून बघणार असेल तर. ब्रॅकेटचे नट काढू नका! ब्रॅकेट ज्या नटांखाली बसतं त्याच नटांवर स्ट्रटचं वरचं टोक बांधलेलं असतं. ते ढिले ठेवून गाडी चालवणं म्हणजे मरणाला आमंत्रण. ब्रॅकेट तसेच ठेवायचे आणि मधली नळी तेवढी काढायची. तसंच बार बसवताना ब्रॅकेटची जाडी वाढल्यामुळे नटाला पुरेसे आटे मिळतात की नाही हेही बघायचं. आमच्या लाल बारचं बसवून देणाऱ्याने ते बघितलं नव्हतं. एका नटाला जेमतेम चार आटे मिळाले होते. चार हजारांचा सुरक्षेचा पार्ट आणि स्ट्रट चार आट्यांवर.

नट नीट करून घेतले आणि सकाळी सहाला, गर्दी नसताना, नवेगाव खैरीकडच्या रस्त्याला गेलो. पेंचच्या या धरणातून नागपूरकर पाणी पितात, पण सकाळी सहाला तिथे कुणी नसतं. वेग पन्नासच्या आत ठेवला. तेवढ्यात माझा मित्र काय तो फरक ओळखणार होता, कारण त्याचा दावाच होता की फरक "स्टिअरिंग हातात घेतल्या घेतल्या" कळतो. सहा फेऱ्या झाल्या. तीन बरोबर, तीन चूक. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

आता सहा फेऱ्या म्हणजे काही शास्त्र नव्हे, हे मलाही कळतं. तो म्हणाला, "पन्नासच्या स्पीडनं काय घंटा समजते." खरं आहे. पण मग रस्त्यावर आपण शंभरने वळणं घेतो का? आणि घेत असू तर दांड्याचा विचार करायची वेळ निघून गेली आहे.

मग मी चालवायला बसलो आणि माझी दुसरी कबुली इथे आहे. वळणावर मला काहीच कळलं नाही. पण एका उखडलेल्या तुकड्यावरून दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली तेव्हा बार असताना आवाज वेगळा आला. बार नसताना जरा पोकळ "धडाड", बार असताना आखूड "ठक". हे मी ओळखलं. मनाचा खेळ असेल म्हणून परत परत केलं, तरी वाटलं.

परत वहीत बघितलं तर हे जमतं. गाडी सरळ उभी असतानासुद्धा मॅकफर्सनचा टॉवर आत ढकलला जात असतो, कारण चाक बाहेर आहे आणि स्ट्रटचं डोकं आत. चाकावर २७० किलो आणि दोघांतलं आडवं अंतर १७० मि.मी. धरलं तर सुमारे ८० किलोचा आतला जोर कायम असतो. खड्ड्यात तो क्षणभर कितीतरी वाढतो आणि दोन्ही टॉवर एकमेकांकडे ढकलले जातात. एकमेकांकडे! म्हणजे इथे आडवा दांडा खरोखर मधे उभा राहतो. मजा बघा, वळणासाठी विकला जाणारा पार्ट काम करतो तो खड्ड्यात. जाहिरातीत रेसट्रॅक दाखवतात, दाखवायला हवा आमडी फाट्याच्या पुढचा पावसाळ्यातला रस्ता!

याचा अर्थ खेड्यातल्या गाड्यांना बार लावत सुटायचं असाही नाही. बोलेरो, जिप्सी, जुन्या काळ्या-पिवळ्या जीप या सगळ्या चेसिसवर बांधलेल्या. त्यांना स्ट्रट टॉवरच नाहीत, तिथे प्रश्नच मिटला. आणि ज्यांना आहेत त्यांच्यात एका बाजूला बसलेला धक्का बार दुसऱ्या टॉवरलाही थोडा देतो. डाव्या बाजूने जबर ठोकली तर उजवा एप्रनही डेंटरकडे न्यावा लागू शकतो. हा हिशोब विकणारा सांगत नाही.

शेवटी गाडी कामठीच्या एका जुन्या मेकॅनिकला दाखवली. उस्तादांनी बॉनेट उघडलं, लाल बार बघितला, काहीच बोलले नाहीत. गाडी जॅकवर घेतली, खालच्या आर्ममध्ये टॉमी घालून एकदा हलवली. आर्म दोन-तीन मि.मी. सरळ मागेपुढे झाला! बुशचं रबर फाटून गेलेलं. मग पुढच्या टायरवर हात फिरवला. आतली कड गुळगुळीत. उस्ताद म्हणाले, "भाऊ, वरून बांधली, खालून सुटली ना गाडी."

अर्ध्या मिलिमीटरसाठी आम्ही आठवडाभर भांडलो आणि खाली तीन मिलिमीटर मोकळे होते. वरचं टोक अर्धा मि.मी. हललं तर कॅम्बर पाच पैशांनी बदलतो. खालचा आर्म मागेपुढे झाला तर टो बदलतो, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते, टायर खातो. आणि ज्या टायरची कड गुळगुळीत त्यावर त्याची माय आणि बहीण बसून रामटेकच्या गडावर जाऊन आल्या होत्या, उतरताना वळणावळणाने. हे ऐकल्यावर मित्र गप्प झाला. मीही. कारण पहिल्या दिवशी बॉनेट उघडून निवाडा देताना मीसुद्धा खाली वाकून बघितलं नव्हतं. मलाही लाल दांडाच दिसला होता.

दोन्ही बुश, अलाइनमेंट आणि पुढचे दोन टायर, यातले टायर सोडले तर बाकीचा खर्च बारच्या किमतीतच बसला असता. टायरसाठी त्याला घरी परत पैसे मागावे लागले. यावेळी "इंजिनचा पार्ट" म्हणायची सोय नव्हती.

एवढं सगळं करून माझं मत विचाराल तर असं आहे. सरळ, जाड, पक्क्या ब्रॅकेटचा आणि जमलं तर फायरवॉलला धरलेला बार, कडक स्प्रिंग आणि चांगले टायर असलेल्या गाडीत, चालवणाऱ्याला स्टिअरिंगमध्ये जाणवेल असा फरक देऊ शकतो. नाशिकच्या रॅलीत किंवा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याने तो लावावा, त्याच्याकडे घड्याळ आहे, तो मोजेल. जुन्या गाडीचा एप्रन गंजून चिरायला लागला असेल तर मात्र बार लावून ते झाकू नये, आधी वेल्डिंग करावं. आणि बाजारातला वाकडा, दोन बोल्टांवर लटकणारा, रंगीत बार हा दागिना आहे. दागिना घालायला माझी ना नाही. हौसेला मोल नसतं. पण दागिन्याला औषध म्हणून विकू नये आणि आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी तो औषध म्हणून घेऊ नये.

हे बाहेरच्यांना सांगायचं कारण नाही, आपल्याच घरात बघा. आपल्या बाहा टीमच्या गाडीत एका सिनिअरने पिथमपूरला जायच्या आठ दिवस आधी पुढच्या बाजूला एक आडवा पाइप वेल्ड केला होता. विचारलं तर म्हणाला, "स्ट्रेंथ वाढते." कुठली स्ट्रेंथ, कुठल्या जोराला, ते कुणी विचारलं नाही, मीही नाही. दीड किलो वजन वाढलं एवढं नक्की. फ्रेम वर्कशॉपच्या मागे अजून पडलेली आहे. मागचं टोक पक्कं धरायचं, पुढे एका बाजूला वीटभर वजन आणि दुसऱ्या बाजूला डायल गेज, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आधी पाइपसकट मोजायचं, मग पाइप कापून मोजायचं. परवानगीचा अर्ज मी दिलेला आहे, सही व्हायची आहे.

मित्राची गाडी आता सरळ चालते. बार त्याने काढलेला नाही. गाडी धुताना बॉनेट उघडतो, बारवर फडकं मारतो आणि मी तिथे असलो तर माझ्याकडे बघून हसतो. परवा त्याच्या आईने मला विचारलं, "तो लाल दांडा कायचा हाय रे, तुले तं माहीत असन?" मी म्हटलं, "काकू, खड्ड्यात कामी येते."